ओला रंग

नागदेवीला एकतीस वर्षं रंग विकतोय.
पांढऱ्यातल्या बावीस छटा डोळे मिटून सांगेन:
साय, शिंपला, धुतलेला तांदूळ,
चुना, जुनं बनियन, फ्रिजमधलं लोणी.
गिऱ्हाईक म्हणतं, "साधा पांढरा द्या."
साधा पांढरा नसतो, हे मी रोज कुणाला तरी समजावतो.

म्हणून डॉक्टर बिजलने सोळा खोट्या दातांची पट्टी
माझ्या ओठाशी धरली आणि म्हणाली, "ए-तीन,"
तेव्हा तोंडातून सवयीने गेलं,
"ट्यूबलाइट बंद करा, खिडकीशी या."
खाली ठाकूरद्वारचा सिग्नल, दुपारचं ऊन.
उन्हात मी साडेतीन निघालो.

मग हिरड्यांना लेप, गालांना चिमटे, निळा दिवा.
"कळ आली तर हात वर करा."
शाळेत एवढ्यांदा केला नव्हता.

रात्री सुरू झालं.
दुखणं नव्हे. दुखणं ओळखीचं, येऊन बसतं, चहा मागतं.
हे म्हणजे कुणी बेल वाजवून पळून जावं,
आधी वरच्या सुळ्यात, मग खालच्या पटाशीत,
दार उघडावं तर जिन्यात कोणी नाही.
पंख्याचा वारा तोंडात गेला की बेल.
पहाटे चूळ भरली.
टाकीचं पाणी इतकं गार असतं
हे या नळाने एकोणीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

अठ्ठेचाळीस तास पांढरंच खायचं.
चहा नाही, हळद नाही, आमटी नाही.
दहीभात, तोही फोडणीशिवाय. केळं. कोमट दूध.
सुतक फिटून चार वर्षं झाली
आणि मी पुन्हा बिनफोडणीचा जेवतोय,
तेही कुणाला भेटायला जायचं म्हणून.

आरशात सगळे दात साय.
एक सोडून.
वरचा, डावीकडचा, कॅप घातलेला.
"कॅप उजळत नाही," बिजल आधीच म्हणाली होती,
मी मान हलवली होती, तोंडात तिची बोटं होती.

दोन हजार पाचला स्टुलावरून पडलो, वीस लिटरच्या डब्यासकट.
नवा दात शालनने निवडला.
माझ्याच दुकानातली बाई असावी तशी तिने पट्टी हातात घेतली,
"फार पांढरा नको हो, उसना वाटेल."
आता तो खोटा सोडून
बाकी सगळे उसने वाटतात.

एकेचाळिसाव्या तासाला माटुंग्यात, उडुप्याकडे,
कुंदा तळपदे. पाणी खात्यात, निवृत्तीला दोन वर्षं.
तिने दोन फिल्टर कॉफ्या सांगितल्या.
मी सात तास शिल्लक आहेत म्हणालो
आणि मग सगळंच सांगावं लागलं.
"हसा बघू."
हसलो. एसी थेट पटाशीवर.
डोळ्यांत पाणी आलं. तिने पेपर नॅपकिन सरकवला,
कशासाठी आलं ते विचारलं नाही.
विचारलं ते वेगळंच:
"हा एक का राहिला?"

शालनचं नाव घ्यायचं नाही असं घरून ठरवून निघालो होतो.

ती ऐकत होती, कॉफी वाटीतून पेल्यात,
पेल्यातून वाटीत. फेस खाली बसला.
मी घाईघाईने धंद्यावर आलो, म्हटलं,
ओल्या भिंतीवर रंग ठरवू नये,
भिंत ओली असताना खोटं बोलते.
दात कोरडे पडले की बोलतात, डॉक्टर सांगते,
पाणी परत शिरलं की एखादी छटा उतरेल.
"किती दिवसांनी?"
"पंधरा."
"मग पंधरा दिवसांनी. बाहेर, उन्हात. आत काही कळत नाही."

माझी कॉफीही तिनेच संपवली.
तिचे दात चारच्या आसपास असावेत.
मी पट्टी लावली नाही.